दिवसाची लाईट सूर्याची, मग चंद्रपूरचा कोळसा का जळतोय?

मामांची मोटर पाच एचपीची. आत्ताआत्तापर्यंत त्यांच्या फीडरला (म्हणजे सबस्टेशनवरून शेतांकडं येणाऱ्या लाईनला) एक आठवडा दिवसा थ्री फेज आणि एक आठवडा रात्री असं चक्र होतं. रात्रीच्या आठवड्यात साडेबारा-एकला लाईट यायची, ऑटोवर टाकलेली मोटर आपोआप सुरू व्हायची आणि मामा बॅटरी, काठी, गमबूट अशा अवतारात गव्हाला दारं धरायला निघायचे. एकदा मी हौसेनं बरोबर गेलो होतो, डिसेंबरचा महिना, पाण्यात पाय घातल्यावर तो माझाच आहे का हे चिमटा काढून बघावं लागलं, आणि बांधापलीकडं रानडुकरांचा कळप निघाला तो वेगळाच. आता गावाजवळ गायरानावर सोलरची पॅनलं बसलीत, आसपासचे शेतीचे फीडर त्यावर घेतलेत, सकाळी लाईट येते आणि संध्याकाळी जाते. मामा खूश आहेत.

तर दिवाळीत जेवताना त्यांनी मला विचारलं, "काय रे, टीव्हीवर सांगत होते देशातली निम्मी वीज आता बिगर कोळशाची झाली. मग चंद्रपूरला अजून एवढा कोळसा कशाला जाळतात?" मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमावाला, त्यामुळे ट्यूब लागत नाही इथपासून देशाच्या ऊर्जा धोरणापर्यंत सगळे प्रश्न घरात माझ्याच नावावर असतात. उत्तर द्यायला सुरुवात केली तोवर मामींनी पुरी वाढायला घेतली आणि विषय सुटला. ते राहिलेलं उत्तर इथं लिहितोय.

## एका युनिटमागं किती जातं हवेत

दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट होतं. हे युनिट कोळशाच्या केंद्रातून आलं असेल तर त्यासाठी आपला भारतीय कोळसा साधारण साडेसहाशे ग्रॅम जळतो, आणि हवेत कार्बन डायऑक्साइड जातो जवळजवळ एक किलो. (पुढच्या परिच्छेदात कार्बन म्हणजे कोळशातला मूळ कार्बन, त्यानंतर मात्र मी ह्या वायूलाच नुसतं कार्बन म्हणणार आहे, सगळे तसंच म्हणतात.)

साडेसहाशे ग्रॅम जाळून किलोभर वायू कसा काय? कणीक मळल्यावर पिठापेक्षा गोळा जड भरतो ना, तसंच. पिठानं पाणी धरलेलं असतं, इथं कोळशातल्या कार्बननं हवेतला ऑक्सिजन धरलेला असतो. १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन चिकटतो आणि ४४ ग्रॅम वायू तयार होतो. आपल्या कोळशात राखच ३०-४० टक्के असते, कार्बन त्यामानानं कमी, तरीही एवढा.

आता हेच मोठ्या आकड्यात बघा. ५०० मेगावॅटचा एक संच (बॉयलर, टर्बाइन आणि जनरेटर मिळून एक संच) पूर्ण जोरात चालला तर तासाला ५ लाख युनिट देतो, म्हणजे तासाला पावणेपाचशे टनांच्या आसपास वायू. वीस टनी हायवा ट्रक डोळ्यासमोर आणा, तसे चोवीस ट्रक, दर तासाला, एका संचामागं. चंद्रपूरच्या वीजकेंद्राची सगळ्या संचांची मिळून क्षमता २९२० मेगावॅट आहे.

आणि हा वायू दिसत नाही बरं का. कोराडी किंवा चंद्रपूरच्या बाजूनं जाताना ते कमरेत बारीक असलेले प्रचंड मनोरे दिसतात आणि त्यातून पांढरं काहीतरी निघत असतं, लोक फोटो काढून "हे बघा प्रदूषण" म्हणून टाकतात. ती पाण्याची वाफ आहे. कार्बन निघतो शेजारच्या उंच चिमणीतून आणि तो दिसत नाही म्हणून त्याचा फोटो कुणी टाकत नाही. मध्यंतरी ज्यावरून बराच गदारोळ झाला ते एफजीडी नावाचं यंत्रही सल्फरचा वायू काढण्यासाठी असतं. ते फुफ्फुसासाठी महत्त्वाचं, पण कार्बन त्यानं कमी होत नाही, उलट ते चालवायला थोडी वीज जास्त जाते.

## निम्मी क्षमता म्हणजे निम्मी वीज नाही

मामांनी ऐकलेली बातमी खोटी नव्हती. २०२५ च्या जूनअखेर देशाच्या एकूण क्षमतेत बिगर-कोळसा, बिगर-गॅस हिस्सा ५० टक्क्यांवर गेला, पॅरिस हवामान करारात भारतानं २०३० साठी जे कबूल केलं होतं त्यापैकी हा भाग आधीच झाला. पण ती क्षमता आहे. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजूनही सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा कोळशाचाच.

शेतकऱ्याला हे सांगायला सोपं आहे. कोळशाचं केंद्र म्हणजे सालगडी. दिवसा, रात्री, पावसात, कधीही हाक मारा. सोलर म्हणजे असा रोजंदारीचा गडी जो काम चोख करतो, मजुरी कमी घेतो, पण दिवसाला पाचच तास येतो आणि ढग आले तर तेवढंही नाही. दोन्हीकडं माणूस एकेकच मोजला म्हणून काम सारखं होत नाही. १००० मेगावॅट सोलर दिवसाला ४८ लाखांच्या आसपास युनिट देतं, तेवढ्याच क्षमतेचं कोळसा केंद्र दीड कोटीच्या वर. तरीसुद्धा सोलर लावत सुटलेत ते बरोबरच आहे, कारण नव्या विजेत त्याच्याइतकं स्वस्त सध्या दुसरं काही नाही.

## चिमणी सुधारली तर?

कार्बन कमी करायचे मुख्य रस्ते दोन. एक म्हणजे कोळसा जाळायचाच पण चिमणीपाशी काहीतरी करायचं. दुसरा म्हणजे घड्याळाशी खेळायचं, त्याकडं नंतर येतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: बातम्या चिमणीच्या बाजूच्या जास्त भारी वाटतात, पण आपल्याकडचं खरं काम घड्याळाच्या बाजूला आहे.

चिमणीच्या बाजूचा सगळ्यात साधा उपाय म्हणजे कमी कोळशात तेवढीच वीज. पाणी उकळून वाफ करायची आणि वाफेनं टर्बाइन फिरवायचं हे तत्त्व शंभर वर्षांत बदललेलं नाही, बदलला तो दाब आणि तापमान. साधारण २२१ बार दाब आणि ३७४ अंशांच्या वर गेलं की पाणी आणि वाफ असा फरकच उरत नाही, बुडबुडे येऊन उकळणं हा प्रकार बंद होतो. या पलीकडं चालणाऱ्या बॉयलरला सुपरक्रिटिकल म्हणतात. कोराडीचे ६६० मेगावॅटचे तीन संच असे आहेत. मध्य प्रदेशात खरगोनला त्याच्याही पुढची पायरी आहे, तिथं कोळशातल्या उष्णतेपैकी ४१ टक्क्यांच्या आसपास वीज बनते, जुन्या संचांत हेच ३५ पर्यंत असायचं. म्हणजे त्याच विजेला सातवा हिस्सा कोळसा कमी. चांगलंय, पण सहा हिस्से अजून जळतायतच.

दुसरा उपाय कोळशात शेतातला काडीकचरा मिसळायचा. पऱ्हाट्या, तुराट्या, सोयाबीनचं कुटार यांच्या कांड्या करून पाच-सात टक्के भरतात. झाडानं तो कार्बन त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो, त्यामुळे जाळला तर फिटंफाट. आपले साखर कारखाने उसाचं चिपाड जाळून वीज करतात ते ह्याच हिशोबातलं. अडचण इतकीच की पऱ्हाटी गोळा करून, वाळवून, दाबून दोनशे किलोमीटर नेण्यापेक्षा शेतकऱ्याला रोटाव्हेटर फिरवणं किंवा काडी लावणं सोपं जातं, आणि मजूर मिळत नाही तेव्हा मामाही तेच करतात.

## वायू चिमणीतच पकडायचा

सगळ्यात जास्त चर्चा होते ती ह्या तंत्राची, म्हणून थोडं थांबू.

गोटी सोड्याची बाटली आठवा. थंड असेल तर वायू पाण्यात मुकाट बसून राहतो, उन्हात तापलेली बाटली फोडली की फस्सकन अंगावर. वायू पकडायचं यंत्र जवळपास असंच चालतं, आणि गंमत म्हणजे सोड्यातला वायूही हाच. चिमणीकडं जाणारा धूर गार करून त्यावर अमाइन नावाच्या रसायनाचा फवारा मारतात, ते कार्बनला धरून ठेवतं. मग ते द्रावण दुसऱ्या टाकीत नेऊन १२० अंशांच्या आसपास तापवलं की कार्बन सोडून देतं, तो दाबून नळीत भरायचा आणि अमाइन परत फवारायला.

ऐकायला सोपं. पण धुरात कार्बन असतो १२ ते १५ टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन. म्हणजे लग्नाच्या मांडवात शंभर माणसांतून नेमकी तेरा शोधून बाहेर काढायची आणि दर सेकंदाला नवा मांडव भरून येतोय. शिवाय ते सगळं द्रावण तापवायला वाफ लागते, ती कुठून आणणार, तर त्याच बॉयलरमधून. केंद्राच्या विजेचा पाचवा ते चौथा हिस्सा ह्यातच खर्च होतो. धान्य राखायला ठेवलेल्यानंच पाव पोतं खाल्लं म्हणा.

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात बाउंड्री डॅम नावाच्या केंद्रात २०१४ साली हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर सुरू झालं, वर्षाला १० लाख टन पकडायचे होते, अनेक वर्षं तेवढे जमलेच नाहीत. अमेरिकेत टेक्सासमध्ये पेट्रा नोव्हा २०१७ ला सुरू झालं. तिथं पकडलेला वायू जुन्या तेलविहिरीत दाबून उरलंसुरलं तेल वर काढायचे आणि त्यावर खर्च निघायचा. २०२० ला तेलाचे भाव कोसळले आणि यंत्र बंद, २०२३ ला पुन्हा चालू. म्हणजे हवामान वाचवायचं यंत्र तेलाच्या भावावर चालत होतं, आता ह्याला काय म्हणायचं. आपल्याकडं एनटीपीसी ह्या सरकारी वीज कंपनीनं मध्य प्रदेशातल्या विंध्याचल केंद्रात दिवसाला २० टन पकडून त्याचं मिथेनॉल करायचा प्रयोग केलाय. २० टन म्हणजे वर सांगितलेल्या चोवीस ट्रकांपैकी एक ट्रक, तोही तासाला नाही, दिवसाला. प्रयोग म्हणून ठीक आहे.

## पकडला, आता ठेवायचा कुठं? आपल्या काळ्या दगडात?

हा भाग मला स्वतःला फार आवडतो. आइसलँडमध्ये हेलिशेइदी इथं जमिनीतल्या उष्णतेवर चालणारं वीजकेंद्र आहे, तिथं कार्बफिक्स नावाच्या प्रकल्पात वायू पाण्यात विरघळवून, म्हणजे अक्षरशः सोडा करून, खाली बेसाल्ट खडकात सोडला. अंदाज होता की दगड व्हायला शेकडो वर्षं लागतील. २०१६ ला निकाल छापून आला, दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त वायूचा दगड झाला होता.

बेसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. सह्याद्री, अजिंठा-वेरूळ, मामांची विहीर, सगळं तेच. विहीर खोदताना ह्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे, चमकणारे खडे निघतात, आम्ही लहानपणी गारगोट्या म्हणून खिशात भरायचो, त्यातले काही कॅल्साइटचे असतात. कॅल्साइट म्हणजे दगडातलं कॅल्शियम आणि कार्बनचा वायू यांचं लग्न झालेलं. जे आइसलँडला दोन वर्षांत घडवलं ते आपल्या विहिरीत लाखो वर्षांपूर्वी आपोआप घडून बसलंय! दख्खनचा हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय, कोयनेजवळ भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं तेव्हा त्याची जाडी सव्वा किलोमीटर भरली.

मग अडतंय कुठं? पाण्यावर. आइसलँडच्या पद्धतीनं एक टन वायू मुरवायला साधारण २५ टन पाणी लागतं. मराठवाड्यात हे सांगून बघा. आणि आपल्या विहिरी-बोअरचं पाणीही ह्याच दगडाच्या भेगांत आहे, त्यामुळे कुठं आणि किती खोल सोडायचं हे फार सांभाळून ठरवावं लागेल. आज तरी हा संशोधनाचा विषय आहे, उद्या सकाळी चंद्रपूरची चिमणी ह्यानं बंद होणार नाही.

## खरी अडचण संध्याकाळी सातची

आता घड्याळाकडं. दुपारी एकला सोलर भरात असतं, कधीकधी वीज जास्त होते. राजस्थानात तर ती वाहून न्यायला लाईनच अपुरी पडली म्हणून चालू पॅनलांची वीज नाकारायची वेळ आली. सहाला सूर्य जातो आणि नेमकं तेव्हाच घरोघर दिवे, टीव्ही, मिक्सर, एसी चालू होतात. दोन-तीन तासांत सोलरची सगळी जागा दुसऱ्या कुणीतरी भरून काढायची, आणि तो दुसरा म्हणजे सध्या कोळसा.

मग कोळसा दुपारी बंद ठेवून संध्याकाळी का लावत नाहीत? आमच्या आजोळी तांब्याचा बंब होता. पेटवला की पाणी यायला वेळ लागायचा, एकदा तापला की मात्र कुणीही या. पाहुणे थांबून थांबून अंघोळीला यायचे तर आजी मधे बंब विझवायची नाही, दोन ढलप्या सरकवून धगधगत ठेवायची. कोळशाचा बॉयलर म्हणजे हजारो टन लोखंडाचा बंब. पूर्ण थंड झालेला परत पेटवायला अख्खी पाळी जाते, आणि रोज तापव-थंड कर केलं तर जाड नळ्यांना चिरा जातात. म्हणून दुपारी वीज नको असली तरी संच ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणून धगधगत ठेवतात, आता तो ४० टक्क्यांपर्यंत उतरवायचे प्रयत्न चाललेत. तेवढ्या कमी जाळावर संच कोळसाही युनिटमागं जास्त खातो. तर मामांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे आहे: दुपारी जळणारा बराचसा कोळसा संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी जळत असतो.

## दुपारची वीज डोंगरावर चढवून ठेवायची

भंडारदऱ्याच्या पलीकडं घाटघर आहे, कोकणकडा बघायला आपण जातो तेच. तिथं वर एक धरण आणि कड्याखाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला दुसरं धरण, उंचीत फरक चारशे मीटरहून जास्त, आणि डोंगराच्या पोटात २५० मेगावॅटचं वीजघर. वीज जास्त असेल तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, कमी पडली की तेच पाणी खाली सोडून वीज काढायची. हिशोब लक्षात ठेवायला सोपाय: गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी चारशे मीटर खाली सोडली की एक युनिट. गीझरचा अर्धा तास. घाटघर पूर्ण जोरात एक तास चालवायला अशा अडीच लाख टाक्या.

वर चढवायला सव्वा युनिट लागतं आणि परत एक मिळतं, म्हणजे वीस-पंचवीस टक्के घट आहे. पण वाया जाणाऱ्या दुपारच्या विजेतली घट सोसता येते. मजा म्हणजे २००८ च्या सुमारास हे सुरू झालं तेव्हाचा विचार रात्री उरणारी कोळशाची वीज साठवायचा होता, आता तेच यंत्र दुपारच्या सूर्यासाठी हवंय. भिवपुरी आणि शिरवट्याला टाटा पॉवरचे असे मोठे प्रकल्प ठरलेत, १००० आणि १८०० मेगावॅटचे. सह्याद्रीत जंगल तोडून अशी किती तळी बांधायची ह्यावर भांडण आहे, आणि ते व्हायलाच पाहिजे, प्रत्येक कडा काही ह्यासाठी रिकामा पडलेला नाही.

बॅटरी म्हणजे हेच काम कंटेनरमध्ये. घट कमी, वर्षा-दीड वर्षात उभी राहते, डोंगर लागत नाही, आणि गेल्या काही वर्षांत भाव इतके उतरलेत की आता सोलरच्या टेंडरमध्येच दोन-चार तासांची बॅटरी मागतात. पण आठ दिवस ढगाळ राहिलं तर दोन तासांची बॅटरी काय करणार, तिथं पाणी, वारा, अणुवीज आणि खरं सांगायचं तर कोळसाच.

## पण पॅनल बनवायलाही कार्बन लागतोच ना

लागतो. काच, अॅल्युमिनियम, सिलिकॉन वितळवायचं म्हणजे भट्टी आली. म्हणून सगळं आयुष्य धरून हिशोब करतात, खाणीपासून भंगारापर्यंत. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीनं २०१४ च्या अहवालात जे मधले आकडे दिले त्यात कोळसा युनिटमागं ८२० ग्रॅम, गॅस ४९०, मोठं सोलर ४८, अणुवीज १२, पवनचक्की ११. (८२० हा जगाचा मधला आकडा, आपला कोळसा त्याहून वाईट.) त्यामुळे "सोलर पण तेवढंच घाण" हा फॉरवर्ड आला तर हे आकडे चिकटवून द्या.

अणुवीज मग का वाढवत नाहीत हा पुढचा प्रश्न येतोच. तारापूर १९६९ पासून चालू आहे, अपघाताची भीती लोकांना असते ती समजण्यासारखी, पण वेग मारतो तो पैसा आणि वेळ. मंजुरीपासून वीज मिळेपर्यंत दहा-पंधरा वर्षं सहज जातात.

## ब्रिटननं केलंच की बंद

केलं. ३० सप्टेंबर २०२४ ला त्यांचं शेवटचं कोळसा केंद्र बंद झालं, ज्या लंडनमध्ये १८८२ ला कोळशावरचं सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झालं त्याच देशात. पण त्यांच्याकडं उत्तर समुद्राचा गॅस होता, तिथलाच वारा आहे, आणि विजेची मागणी वाढायची थांबलीय. आपली मागणी ३० मे २०२४ ला २५० गिगावॅटच्या (म्हणजे अडीच लाख मेगावॅटच्या) शिखरावर गेली आणि अजून कित्येक घरांत पहिला एसी यायचाय. गॅस आपल्याला बाहेरून आणावा लागतो, तो परवडत नाही म्हणून दाभोळसारखी गॅसवरची केंद्रं वर्षानुवर्षं अर्धपोटी चालतात.

## राहिलेलं अर्धं उत्तर

आणि एक तंत्रज्ञान राहिलंच, ज्याला कुणी तंत्रज्ञान म्हणत नाही. साठवायच्या ऐवजी वापरच दुपारी ओढायचा. मामांची मोटर रात्रीऐवजी दिवसा चालते ह्यात बॅटरी नाही, धरण नाही, फक्त फीडर वेगळा केला आणि वेळ बदलली. रात्री जो कोळसा त्या मोटरसाठी जळायचा तो जळत नाही, आणि अशा मोटरी आपल्या राज्यात लाखोंनी आहेत. स्मार्ट मीटर असलेल्या घरांना दिवसाच्या वापरावर सवलत सुरू झालीय ती त्याच हेतूनं, मीटरवरून जो वाद चाललाय तो चालू द्या, पण कल्पना बरोबर आहे.

हे मी मामांना फोनवर समजावलं, स्पीकर चालू होता. मामी मधेच म्हणाल्या, मग माझी घरघंटी दुपारी लावत जाऊ का? म्हटलं लावा की. तर म्हणाल्या, दुपारी दळण आणतंय कोण, बाया शेतातून येतात सहाला, डबे घेऊन रांग लागते ती सातला.